वैकुंठरथातलं बिऱ्हाड

वसमतच्या स्मशानाच्या फाटकाला लागून माझं दुकान आहे. मडकी, बांबू, सुतळी, पांढरं कापड, गुलाल, असा माल. गावातला मोठ्यातला मोठा माणूस शेवटी माझ्याच दुकानावरून जातो, पण जिवंतपणी एकानेही कधी इकडे मान वळवलेली नाही. त्यामुळे इथल्या प्रतिष्ठित मंडळींविषयी मला फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दुकानासमोर वैकुंठरथ उभा असतो. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे एक जुनी व्हॅन. खतांची एजन्सी असलेल्या अपूर्वने ती वडिलांच्या नावाने गावाला दान दिली. दोन्ही बाजूंना रंगवलंय, 'कै. बंडोपंत यांच्या स्मरणार्थ', आणि त्याखाली 'सौजन्य' म्हणून अपूर्वचं नाव, बापाच्या नावाच्या दुप्पट अक्षरांत. बंडोपंत तहसिलीत कारकून होते, जन्मभर सायकलवर फिरले. चारचाकी नशिबी आली ती मेल्यावर.

गाडी चालवतो वसराम. साठीला टेकलेला, सडपातळ, बोलायला तिखट. गाडीचा कारभार बघायला गावाने एक समिती नेमली आहे, पुंजाजीराव तिचे अध्यक्ष; ती समिती त्याला पगार देत नाही, फेरीमागे पैसे देते. म्हणजे गावात कुणी गेलं तर वसरामची चूल पेटणार. एरवी तो मोंढ्यात हळदीची पोती उचलतो आणि संध्याकाळी नवरदेवासारखा पिवळा होऊन परततो. बायको वारली, पोरगी शिरड शहापूरला दिलेली. जावयाच्या दारात जाऊन पडणाऱ्यातला तो नव्हे.

आधी त्याला पत्र्याची एक खोली होती. हा मढी वाहतो असं घरमालकिणीला कळलं आणि तिने त्याची ट्रंक रस्त्यावर ठेवली. मग त्याने अर्धं गाव पालथं घातलं. कामाचं नाव सांगितलं की समोरच्याचं दार लागायचं. ज्यांच्या घरच्या माणसांना त्याने पोचवलं होतं, त्यांनीही दार लावलं. शेवटी त्याने गाडीतच बिऱ्हाड मांडलं. स्ट्रेचरच्या बाजूला वाकळ, खाली ट्रंक, स्टो आणि चार भांडी. फोन आला की सगळं उचलून माझ्या दुकानात आणून ठेवायचा, गाडी धुवायचा आणि निघायचा. परत आला की पुन्हा धुवायचा आणि पुन्हा संसार आत. मी एकदा विचारलं, भीती वाटत नाही का.

"भीती कशाची? मेलेला माणूस खोली खाली कर म्हनत न्हाई," तो म्हणाला.

दोन वर्षं हे असं चाललं. कुणाला पत्ता लागला नाही, कारण त्या गाडीत काम नसताना डोकावायला कुणाच्या बापाची हिंमत नव्हती. मग दिवाळीनंतर एका वकिलांची मयत निघाली. घाईत काहीतरी आतच राहून गेलं. फाटकाशी स्ट्रेचर बाहेर ओढलं तेव्हा खालून एक कांदा घरंगळत आला आणि पुंजाजीरावांच्या पांढऱ्या धोतराशी येऊन थांबला. वकिलांना विसरून सगळी मंडळी कांद्याकडे बघत राहिली.

कांद्यामागून सगळं बिऱ्हाड उघडं पडलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीची बैठक बसली, तीही माझ्या दुकानापुढे. वैकुंठरथाचा विषय घरात काढणं शुभ नाही म्हणे. मी खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं आणि कान उघडे ठेवले. वसराम लांब जमिनीवर बसला होता.

"गाडी बाटवली ह्यानं," पुंजाजीराव म्हणाले. "इतकी पवित्र गाडी. तिच्यात कांदे कापून राहिला, बिड्या फुकून राहिला."

"मालक, मी कुठं जाऊ ते सांगा," वसराम म्हणाला. "तुमची गाडी चालवतो म्हनून खोली भेटत न्हाई. गाडीत राहिलो तर गाडी बाटली. मढ्यानं न्हाई बाटत, अन् माज्यानं बाटती व्हय?"

पुंजाजीरावांनी लगेच ठराव मांडला. आजच्या आज सामान काढायचं आणि काम झालं की गाडीला कुलूप लावून किल्ली एका सदस्याच्या घरी जमा करायची, असं ठरलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

किल्ली कुणाच्या घरी, असं मी सहज विचारलं आणि बैठकीचा चेहराच उतरला. एकाची सून गरोदर निघाली. एकाच्या मुलाची सोयरीक जमत आली होती. एकाने नुकतीच वास्तुशांत केली होती. पुंजाजीराव म्हणाले, आमचं देवघर जागृत आहे. गावावर उपकार करणाऱ्या या शूरवीरांपैकी एकालाही बोटभर किल्ली घरात ठेवायची नव्हती. मला त्यांची किळस आली. मग सगळे अपूर्वकडे वळले, तुझ्याच वडिलांची गाडी. अपूर्वने बाजूला जाऊन बायकोला फोन लावला आणि तोंड पाडून परत आला.

अपूर्वची आई, वासंतीकाकू, त्याच्या गाडीत बसून होत्या. देवळातून येताना तो त्यांना तसाच घेऊन आला होता. त्या काठी टेकत खाली उतरल्या.

"किल्ली माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या.

"आई, घरात नको."

"घरात नाही ठेवत, माझ्या खोलीत ठेवते. तिथं तरी कोण येतं?"

अपूर्व फोन चाळायला लागला. समितीने मात्र टाळ्या वाजवल्या आणि चहा न पिताच मंडळी पांगली.

त्या रात्री वसराम माझ्या दुकानाच्या फळीवर झोपला. थंडी कडाक्याची होती. समोर रिकामी गाडी कुलपात, आणि माणूस उघड्यावर कुडकुडतोय, अशी ही पवित्रता. सकाळी तो खोकत उठला आणि म्हणाला, चार दिवस बघतो, न्हाई तर साखर कारखान्यावर जातो, तिथं पाचटाच्या खोपीत तरी पडू देतेत. या वयात तो तिथे टिकला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुपारी दुकानापुढे रिक्षा थांबली. वासंतीकाकू एकट्याच आल्या होत्या. त्यांनी किल्ली वसरामच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्याकडेच असू दे. कुणी विचारलं तर माझ्याकडे आहे म्हणायचं."

"काकू, समितीला कळंल."

"कसं कळेल? किल्ली बघायला माझ्या खोलीत यावं लागेल. माझा मुलगा येत नाही, ते काय येतात?" त्या गाडीवरचं नवऱ्याचं नाव बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. "ह्यांना एकटं झोपायची सवय नव्हती. गाडीला ह्यांचं नाव आहे, तर तू आत असलेलं बरं."

वसरामने किल्ली कपाळाला लावली.

"आणि ऐक," काकू रिक्षात बसता बसता म्हणाल्या. "माझी वेळ येईल तेव्हा तुझं अंथरूण बाहेर काढत बसू नकोस. थोडं बाजूला सरकव, मला पुरेल तेवढी जागा."

"अन् कांदे, काकू?"

"कांदे काढ. आमचा अपूर्व बरोबर असेल, तो घाबरेल."

रिक्षा वळून गेली. वसरामने गाडीचं मागचं दार उघडलं आणि माझ्या दुकानातून आपली वाकळ उचलून नेली.