बाबांनी मला इंजिन ऐकायला लावलं

आज मेकॅनिकने माझ्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगखाली चाचपडून सॉकेट शोधलं, त्यात वायर जोडली आणि मोबाइलवर बिघाड वाचून दाखवला. तापलेल्या ऑइलच्या वासाने मला नाशिक रोडचं आमचं गॅरेज आठवलं.

एक्क्याऐंशी साल असेल. मी कॉलेजात होते आणि दुपारी बाबांचा डबा घेऊन गेले होते. पेठच्या एका गुरुजींची गाडी सुरू होती. बाबा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून वाकले होते. असं ऐकूनच ते गाडीचं दुखणं सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनी कान बदलून पाहिला, मग मला बोलावलं.

"तू ऐक. काय येतंय?"

"टकटक येतेय, बाबा. वरच्या बाजूला."

"शाब्बास!" म्हणत त्यांनी पाना उचलला.

"पोरगी तयार झाली की!" गुरुजी हसले.

बाबा मला काम शिकवताहेत, असं मी आठवडाभर मैत्रिणींना सांगत होते. दिवाळीच्या आत त्यांनी गॅरेज बंद केलं. "थकलो आता," एवढंच म्हणाले. त्यांना ऐकू येत नाही हे आम्हाला वर्षभराने कळलं.

मी उत्तर देत होते तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे मात्र मला आज आठवलं.