उलट्या आट्यांचा फिटर

परभणीच्या ज्या फवारणी-पंपाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होतो, तिथला फिटर सरळ उत्तर द्यायचाच नाही. वेळ विचारली, की म्हणायचा, "कशाला पायजे?" पंपाचे आटेही तो उलटे पाडायचा. नट उजवीकडे फिरवला तरच सुटायचा, म्हणून दुरुस्तीला सगळे त्याच्याचकडे यायचे.

पंप मराठवाडाभर गाजला आणि कारखान्याचे दोघं भागीदार, थोरले आणि धाकटे मालक, कोर्टात गेले. पंप मीच शोधला, कारखाना माझाच, असं दोघांचंही म्हणणं. साक्षीला फिटर. "माझ्या बाजूनं बोल, न्हाई तर घरी बस," असा दम दोघांनीही भरलेला.

साक्षीला उभा राहून तो म्हणाला, "सायेब, ज्यानं पंप शोधला, त्याला तो खोलता यीलच की!"

पंप टेबलावर आला. थोरले मालक नट डावीकडे पिळून पिळून लाल झाले. धाकट्यांनी तर धोतर सावरत पंप गुडघ्यांत आवळला. नट हलेना. मग फिटरनं तो उजवीकडे फिरवून अलगद सोडवला, सगळ्यांना दाखवला आणि परत गच्च आवळला.

"परत का बसवलास?" न्यायाधीश म्हणाले.

"पुढच्या तारखेला लागंल की, सायेब!"

दावा वर्षानुवर्षं चालला. त्याला घरी बसवायची छाती मात्र दोघांचीही झाली नाही.