शांतवन मामाचा आवाज

आमच्या चर्चमधी माझ्याइतकी भारी प्रार्थना कोणालाच येत न्हाई. फक्त ती माझी नसती, दुसऱ्याची नक्कल असती. पाळकसाहेब म्हणा, बाहेरून आलेला पाहुणा म्हणा, डोळे मिटून ऐकलं तर तुम्ही आमेन म्हणून मोकळे. माझी स्वतःची विचाराल तर जेवायच्या अगोदर बायको प्रार्थना करती अन् मी ताट वढतो. शाळंत मी दुसरीपर्यंतच गेल्तो, म्हणून हे मी बोलून राह्यलो अन् पोरगी लिहून राह्यली. शहाणं काही सापडलं तर ते तिनं घातलं असं समजा.

शांतवन मामा वारले त्याला आता सहा हप्ते झाले. मी नवीन जालन्याच्या स्टेशनवर होतो, ऑटोत सवारी बसवून. मार्था मामीचा फोन आला, ‘दान्या, मामा गेले. ये.’ मी म्हणलं, सवारी सोडून येतो. अन् सोडता सोडता त्या माणसाला मी एक जोक सांगितला. तो हसला, मी बी हसलो. मंग ऑटो कडेला घेतला अन् बंद केला. सवारी म्हणली, ‘काय झालं, पेट्रोल संपलं का?’ मी म्हणलं, ‘हां.’

मामा माझे सख्खे मामा न्हाई. ते अख्ख्या चर्चचे मामा. दवाखान्यात वॉर्डबॉय होते, रिटायर झाल्यावर चर्चची चावी त्यांच्याकडं आली. दार उघडायचं, घंटा वाजवायची, शनिवारी सगळे बाक पुसायचे. अन् रविवारी प्रार्थना करायची. ती प्रार्थना म्हणजे पॅसेंजर गाडी, हर ठेसनावर थांबणार. ‘हे दयाघना, हे कृपाघना’ म्हणून निघायची, आजारी, विधवा, परीक्षेची पोरं, अंबडचे पाव्हणे घेत घेत पार दिल्लीच्या सरकारपर्यंत जायची. दमानं नाकातून श्वास घ्यायचे अन् ‘दयाघना’ला उजवी टाच वर उचलायचे. ती टाच मीच पहिल्यांदा पाह्यली, कारण डोळे उघडे ठेवणारा मीच.

सात वर्षांखाली अंबडला एक लगीन होतं. जेवणाअगोदर मामानं प्रार्थना केली अन् मटण गार झालं. पंगतीत पोट्टे माझ्या मागं लागले, ‘दान्याभाऊ, मामाची करा न.’ मला कोणी दोनदा म्हणायची गरज नसती. उभा राह्यलो, नाकातून श्वास, टाच वर, ‘हे दयाघना, या गार मटणावर कृपा कर’. लोक लोळून राह्यले. मंग हसणं एकदम बंद पडलं. मागं वळून पाह्यलं तर मामा, हातात पाण्याचा जग. वाढत वाढत आल्ते. त्यांनी माझा ग्लास भरला अन् म्हणले, ‘पी. घसा सुकला असन.’

पुढच्या रविवारी पाळकसाहेब म्हणले, शांतवन मामा प्रार्थना करतील. मामानं बसल्या जागी मान हलवली... न्हाई. तेव्हापासून चर्चमधी मामाचा आवाज बंद. रविवारची भक्ती वीस मिनिटं अगोदर सुटायला लागली. दोघा-तिघांनी तर मला चहा पाजला, अन् मी पिलो बी. चहा पिऊन घरी आलो अन् मंग काही केल्या जीव लागंना. रविवारी दुसरं कोणी प्रार्थनेला उठलं की माझी नजर मामाच्या टाचंवर जायची. ती जमिनीलाच चिकटलेली.

माफी मागायला मी दोनदा घरी गेलो. पहिल्या वेळी पेरू घेऊन. बसलो, किस्से सांगितले, मामा पोट धरून हसले, मी उठून आलो. दुसऱ्या वेळी पेरू बी न्हाई नेले, तरी तेच. ऑटोत बसल्यावर माझ्या ध्यानात यायचं की ज्या कामाला गेल्तो ते तसंच राह्यलं. आपल्या तोंडाला एकच गिअर हाय.

मागच्या साली त्यांची तब्येत उतरली तेव्हा ऑटोतून दवाखान्यात न्यायचं काम मी घेतलं. एक दिवस मामी सोबत नव्हती. मी म्हणलं आज सांगायचंच. तोंड उघडलं तर निघाला मामाचाच आवाज, ‘हे दयाघना, या दान्याला माफ कर’. मामा खोकला येईपर्यंत हसले. मंग मागच्या सीटवरून म्हणले, ‘बराबर जमली. आता तुझ्या आवाजात म्हण.’

मी म्हणलं, ‘मामा, सिग्नल लागला.’

‘सुटल की.’

सिग्नल सुटला. माझं तोंड न्हाई सुटलं. मंग मामाच बोलले. ‘अंबडहून आलो न त्या दिवशी, मला लई राग आल्ता तुझा. दार लावून मी तुझ्यासारखं करून पाह्यलं. टाच बी उचलली. तू बिलकुल चुकला नव्हता. मी बी इतकी वर्षं देवाला माझी नक्कलच ऐकवत होतो रे.’

‘मंग मामा, आता प्रार्थना करतच न्हाई तुम्ही?’

‘करतो की. बाक पुसताना. जो जिथं बसतो त्याचं नाव घेतो. तेवढंच. पहिले सहा महिने तर तुझ्या बाकाला नुसतं फडकं मारून पुढं जायचो, नाव तोंडात येत नव्हतं.’

‘अन् मंग?’

‘मंग आलं.’

कसं आलं, ते मी विचारायला पाह्यजे होतं. मी विचारलं, ‘दवाखान्याच्या गेटवर उतरता का आत घेऊ?’

मामा गेल्यावर दुसऱ्या रविवारी त्यांच्या नावानं चर्चमधी भक्ती झाली. शेवटाला कोणीतरी म्हणलं, दान्या, मामाची प्रार्थना म्हण. मी मामीकडं पाह्यलं. ‘म्हण,’ मामी म्हणली. ‘आवाज तर तुझ्याकडंच राह्यला त्यांचा.’ उठलो. नाकातून श्वास घेतला, ‘हे दयाघना’ निघालं, हुबेहूब. समोर बाया रडायला लागल्या. टाच उचलायच्या टायमाला पाय वर जाईना. मला वाटलं आता तरी माझ्या आवाजात म्हणावं. म्हणलं, ‘देवा, मी दान्या...’ पुढं काहीच न्हाई. सगळे वाट पाहून राह्यले, कोणी कोणी तर हसायला तयार बसलेले. मी खाली बसलो. 

आता शनिवारी मामीकडून चावी आणून बाक मी पुसतो. फडकं मामाचंच हाय, त्यांच्या जुन्या बनियनचं, पार जाळी झालेलं. दुसरं न्यायला जीव होत न्हाई. नावं घेतो. दोन बाक होतात अन् डोक्यात तिसऱ्या बाकावाल्याची चाल येती, त्याचा खोकला येतो, मी करून बी पाहतो, मंग लाज वाटती अन् पहिल्यापासून सुरू करतो. मामाच्या जागेवर आलो की ते राह्यलेलं वाक्य म्हणायला जातो. अजून पुरं निघालं न्हाई.

काल मामी चावी परत घ्यायला आल्ती. मी चौथ्या बाकाशी होतो, खिडकीजवळच्या, माझ्या. मामी म्हणली, ‘ह्या बाकाला त्यांना लई येळ लागायचा. बाकीचे होऊन जायचे, इथं बसून राह्यचे.’

माझं काळीज भरून आलं. म्हणलं, ‘मामी, म्हणजे माझ्यासाठी इतकी प्रार्थना...’

‘गुटख्याच्या पुड्या खोसतो न तू खालच्या फटीत,’ मामी म्हणली. ‘त्या काढत बसायचे. सरक, तिकडं अजून एक राह्यली.’