मुठीतली ऊब

त्याने लॅबच्या काउंटरवर थर्माकोलचा डबा ठेवला आणि बर्फात खुपसलेली बाटली काढून माझ्यापुढे धरली. तिच्यात त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या नाकातून ब्रशने काढलेल्या पेशी होत्या.

"डॉक्टर म्हणाले, जपून न्या. आमचा माशांचा धंदा, बाई. जपायचं म्हटलं की बर्फ."

माझं डोकंच फिरलं. या पेशी उबेत आणायच्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं पातळ आवरण शाबूत दिसलं, पण त्यावरचे केसांसारखे तंतू निपचित होते. ते हलले तरच छातीतला कफ वर सरकतो. जन्मापासून खोकणाऱ्या त्या पोरीचे तंतू मुळातच हलत नव्हते, की गारठून थांबले होते?

"बाटली मुठीत धरून बसा," मी म्हटलं. "नाहीतर पोरीला पुन्हा रडवावं लागेल."

खवल्यांनी चरे पडलेली मूठ छातीशी धरून तो बाकावर बसला. मला वाटलं, आवरण म्हणजे जिवाचं कुंपण. पण नुसतं कुंपण शाबूत असून भागत नाही. हलावं लागतं, आणि हलायला कुणाची तरी ऊब लागते.

दहा मिनिटांनी बाटलीतला नवा थेंब काचेवर घेतला. सगळं स्तब्ध. मग एका कडेला काहीतरी थरथरलं, शेजारचं हललं, आणि पेशीची अख्खी कड लवलवू लागली.

"या, बघा."

तो भिंगाशी वाकला. बाटली माझ्याकडे होती, तरी त्याची मूठ तशीच घट्ट मिटलेली होती.