नळाशेजारचा प्रसाद

पहाटे नळाखाली एक हात आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभा असलेला प्रसाद पाहिला, की नवख्या माणसाला तो काहीतरी व्रत करतोय असं वाटे. एका अर्थी ते व्रतच होतं. फक्त उद्यापन कधी, हे कुणी ठरवलं नव्हतं.

लालबागच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे येई; नेमकं कधी, ते सोडणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बायका अंदाजाने उठून बसत. तळमजल्यावर नळाला लागून प्रसादची खोली. तो लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत मोबाइलची अ‍ॅप बनवायचा. आईची झोप मोडू नये म्हणून एका रविवारी त्याने चाळीसाठी अ‍ॅप बनवलं. पाणी आलं की त्याने बटण दाबायचं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या फोनवर घंटा वाजायची. मी कौतुक केलं तर म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य चाळीने ऐकलं आणि तो फसला. त्या दिवसापासून त्याच्या दाराशी फोन घेतलेली माणसं दिसू लागली. कुणाचे बारशाचे फोटो उडालेले, कुणाचा जावई व्हिडिओवर उलटा दिसतोय. "पशा, जरा बघ ना रे, दोन मिनिटांचं काम."

बटण यंत्राने दाबावं असाही प्रयत्न त्याने केला. पण आमचा नळ आधी नुसती हवा सोडतो, मग गंजकं पाणी, मग खरं. यंत्र हवेलाच भुललं आणि सगळी चाळ हंडे घेऊन हवा भरायला उभी राहिली. निवडणुकीत हे नेहमीच होतं, पण पाण्याच्या बाबतीत चाळ चोखंदळ होती. पुन्हा प्रसादचा हात नळाखाली आला. मग त्याने पाळ्या लावायचं सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठलं कुणीच नाही.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम होतं: भोवऱ्याचा खेळ. दोरी गुंडाळायची, बोटाने झटका द्यायचा आणि फोनच्या पडद्यावर भोवरा घुमायचा. मी त्यात रमलो की तो शेजारी बसून हसायचा. त्या खेळावरूनच बंगळूरच्या एका कंपनीने त्याला भेटायला बोलावलं. जाताना त्याने बटणाची जबाबदारी चाळ कमिटीचे अध्यक्ष गावकरअण्णांवर सोपवली. अण्णा झोपले. पाणी आलं आणि गेलं. नळाचा आवाज ऐकून जागं व्हायची सवय एव्हाना सगळ्यांचीच मोडली होती.

"पशा जबाबदारी टाकून गेलो म्हणजे काय!" चाळभर अण्णाच ओरडत होते.

बंगळूरची नोकरी त्याला मिळाली. त्याने फक्त मला सांगितलं. "काका, दिवसभर खेळच बनवायचे. उद्या हो कळवायचंय. आज आईला सांगतो."

पण त्याच संध्याकाळी गणपतीच्या मांडवात अण्णांनी त्याचा सत्कार ठेवला होता. बातमी त्यांना कुठून लागली, देव जाणे. शाल, श्रीफळ आणि 'चाळभूषण' ही पदवी. अण्णा माइकवर गरजले, "लोक विचारतात, प्रसाद जातलो काय? मी सांगतंय, आमचो पशा ही चाळ सोडून खंय जाणा नाय! काय रे पशा?"

ढोल वाजला. पहिल्या रांगेत त्याची आई पदराने डोळे पुसत होती. "झिला, एवढो मान गावलो, आता खंय जातलस?" प्रसादने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'अण्णांना नाही म्हण' असं सुचवत होतो. शालीत गुंडाळलेला माणूस नाही कसं म्हणणार? तो माइकजवळ वाकला. "नाही जात," म्हणाला.

भोवऱ्याचा खेळ मी नंतर मागितला नाही. त्यानेही दाखवला नाही.

पुढे मी मुलाकडे ठाण्याला राहायला आलो. इथे नळाला दिवसभर पाणी असतं. तरी ते अ‍ॅप मी काढलेलं नाही. पहाटे लालबागची घंटा वाजते, तेव्हा प्रसाद नळाशी उभा आहे एवढं कळतं.

मागच्या आठवड्यात एकदा ती वाजलीच नाही. उजाडलं, तरी फोन गप्प. मी एकटाच खुशीत येऊन आल्याचा चहा टाकला. सुटला बेटा, म्हटलं.

चहा गाळत होतो आणि घंटा वाजली. खाली त्याने लिहिलं होतं : "आज पाणी उशिरा आलं. सर्वांची क्षमा असावी. – प्रसाद."