नाव न घ्यायच्या गोळ्या

मेडिकलच्या काउंटरवर किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. माणूस खोकल्याचं औषध घ्यायला येतो आणि अर्धा तास साडूची भानगड सांगून जातो. राजुऱ्याच्या बसस्टँडजवळ सलीमभाईंचं मेडिकल आहे, मी तिथली फार्मासिस्ट. दुकान त्यांचं, लायसनवर नाव माझं आणि डोकं दोघांचंही गरम! अलीकडे आमच्याकडे एक नवंच गिऱ्हाईक वाढलंय. त्याला काही झालेलं नसतं, त्याला फक्त म्हातारं व्हायचं नसतं.

पहिला आला तो कोळसा खाणीतून रिटायर झालेला सुपरवायझर. त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ताई, हे वय उलटं फिरवायची कॅप्सूल हाये का तुमच्याकडे?"

मी तोंड उघडायच्या आत सलीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि टक्कल त्याच्यापुढे वाकवलं. "भाऊ, असती तं हे असं दिसलं असतं का?"

तो हसलाच नाही. गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे सध्या स्टॉक नाई का?"

* * *

मग माल विकणारे यायला लागले. एकाच्या गळ्यात टाय, हातात चकचकीत डबा. "गव्हर्नमेंट अप्रूव्ड आहे मॅडम! हा बघा नंबर."

मी चष्मा लावला. "हे खायच्या वस्तूंचं लायसन आहे. समोरच्या दुकानातल्या चिवड्याच्या पाकिटावरही असाच नंबर असते. तो चिवडा खाऊन मी शंभर वर्षं जगीन का?"

"पण मॅडम, सरकारने चेक केल्याशिवाय..."

"सरकारने हा माल बनवायची परवानगी दिली. यानं आयुष्य वाढते का, ते कोणी तपासलं? औषधाला आधी गुण सिद्ध करावा लागते, मग विकता येते. हे पूरक अन्नात मोडते, याला ती परीक्षाच नाही. आणि खाली ते बारीक अक्षरात काय लिहिलंय? वाचा बरं मोठ्याने."

त्याने डबा डोळ्यांजवळ नेला. "औषधी वापरासाठी नाही."

"मग औषधाच्या दुकानात काऊन आणलं?"

त्याने डबा बॅगेत टाकला. जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाही ठेवलं तर लोक दुसरीकडून घेतील." एवढं एक वाक्य तो खरं बोलला आणि त्याचाच मला दिवसभर संताप आला.

* * *

आता नामदेवभाऊ. आलापल्लीच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर राजुऱ्यात घर बांधलं. घरात ते आणि सुमनबाई, दोघंच. मूलबाळ नाही. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची. ती गोळी फार नाजूक हिशोबाची असते. कमी झाली तर गाठ, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. तिच्यासोबत दुसरं काहीही खायचं तर विचारल्याशिवाय खायचं नाही.

आणि नामदेवभाऊंचा एक नियम होता. जंगलातली जडीबुटी द्यायची, पण तिचं नाव सांगायचं नाही. देणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानंही नाही. त्यांच्या बापाने त्यांना असंच शिकवलेलं.

एकदा सलीमभाईंना मुतखडा झाला. नामदेवभाऊंनी कागदात बांधून कसलीशी मुळी आणून दिली. सलीमभाई ती घेऊन माझ्याकडे, मागोमाग नामदेवभाऊही. मी विचारलं, "भाऊ, कशाची मुळी आहे ही?"

"नाव घेतलं का गुण जाते, ताई."

"अहो, पण नाव कळल्याशिवाय मी त्यांना कशी खाऊ देऊ?"

"मंग नका खाऊ देऊ," नामदेवभाऊ शांतपणे म्हणाले. "खडा त्यायचा हाये, तुमचा नाई."

सलीमभाईंनी मुळी माझ्या हातातून काढून घेतली. खाल्ली की फेकली, ते आजपर्यंत सांगत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, "नियम है भाई!"

* * *

मग चंद्रपूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये 'निरोगी शंभरी'चा कार्यक्रम लागला. प्रवेश फुकट, चहा-समोसा फुकट. सलीमभाई म्हणाले, "चला ताई, दुश्मनाले जवळून पाहू."

स्टेजवर कोट घातलेला माणूस. शेजारी एक मशीन. त्यात बोट घालायचं, मग ते शरीराचं 'खरं वय' दाखवणार! सलीमभाईंनी बोट घातलं. मशीनने त्यांना एकदम सत्तरीच्या पुढे नेऊन बसवलं. ते घाबरले, खोटं कशाला बोलू, मीही जरा चरकलेच. मग त्यांनी टोपी काढली, माझा चष्मा लावला आणि पुन्हा लायनीत उभे राहिले. या वेळी चाळिशीतले निघाले!

"ताई," ते कानात म्हणाले, "चष्मा वापस नाई भेटणार."

हसत हसत मी मागे वळले आणि माझं हसू तिथंच गेलं. शेवटच्या रांगेत नामदेवभाऊ बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मला पाहताच उठायला लागले.

"भाऊ, तुमी इथी?"

"लग्नाले आलो."

"कोणाच्या?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हॉलमध्ये ना नवरा ना नवरी. "चुकीच्या दिवशी आलो वाट्टे," म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून निघून गेले.

* * *

दुसऱ्याच दिवशी मी अन्न-औषध खात्यातल्या साहेबांना फोन लावला. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं.

"ताई, डब्यावर 'आजार बरा होतो' असं लिहिलंय का?"

"नाही. डब्यावर सगळं साळसूद आहे. बोलतात ते तोंडाने, माइकवर."

"तिथंच तं गोम आहे. छापलं असतं तं लगेच धरलं असतं. तरी डबा आणि बिल घेऊन या, सॅम्पल तपासायला पाठवतो. पण ज्याने विकत घेतलं त्याला पुढं करा."

बिल? त्या हॉलमध्ये कोणी बिल मागितलं असेल तर मी दुकान बंद करून देते. आणि नामदेवभाऊ पुढं येतील? मी फोन ठेवणार, तेवढ्यात साहेबांचा आवाज खाली आला.

"ताई, सहज विचारतो. त्यानं खरंच काही फरक पडते का हो? आमच्या सासऱ्यानं पण आणला एक डबा."

* * *

मग सुरू झाली खरी काळजी. रक्त किती पातळ आहे याची नामदेवभाऊंची तपासणी दर वेळी हिशोबाबाहेर यायला लागली. रक्त पाहिजे त्यापेक्षा पातळ. डॉक्टर गोळी कमी करायचे, तरी पातळच. दात घासताना रक्त, हाताला कुठं आपटलं नाही तरी निळे डाग. त्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं.

मी त्यांना काउंटरच्या आत बोलावलं. सुमनबाई सोबत होत्या.

"भाऊ, दुसरं काय खाऊन राह्यले तुमी?"

"काईच नाई."

"ते हॉलमधलं?"

"म्हटलं नं, लग्नाले गेलतो."

माझा तोल गेला. "अहो, तुमाले वाघ दिसला तं तुमी साहेबाले सांगत होते का नाई? का नाव घेतल्यानं वाघ पळून जाईन म्हणून गप बसत होते? ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबलं नाई तं कोण थांबवणार आहे ते? तुमचा तो कोटवाला?"

नामदेवभाऊ जमिनीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी तं जगलो तेवढं लय झालं. पण मी गेलो का हिचं कोण हाये? अजून थोडी वर्सं पाह्यजे मले. बस."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. सलीमभाई पलीकडे उगाच बाटल्या पुसत होते.

जाताना मी सुमनबाईंचा हात धरला. "बाई, तुमाले माहीत आहे. सांगा मले."

"शपथ घातली त्यायनं," त्या म्हणाल्या. "नाव नाई घेता येत मले." आणि हात सोडवून गेल्या.

मी तेव्हाच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी विचारलं, पेशंट नाही म्हणतो. तुम्ही नाव सांगा, मी बघतो." नाव! सगळ्यांना नाव पाहिजे आणि एवढ्याशा घरात दोन माणसं ते गिळून बसलेली.

* * *

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि सलीमभाई चंद्रपूरला गेलो. दवाखान्याच्या बाकड्यावर सुमनबाई, मांडीवर तीच पिशवी. ऑपरेशनसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी आधीच थांबवली होती. सकाळचा रिपोर्ट एकदम ठीक आला, सगळे खूश. माझी काळजी मात्र वाढली. ती तपासणी त्या गोळीचा असर पकडते. गोळी चालू असताना डब्याने तिचा जोर वाढवला की आकडा बिघडतो, पण गोळी बंद असताना डब्यातल्या वस्तूंचा स्वतःचा असर तिला दिसेलच असं नाही.

नर्सने नामदेवभाऊंना हिरवा गाऊन घातला. सर्जन आले, त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, "काका, आयुर्वेदिक, ताकदीचं, ऑनलाइन मागवलेलं, काहीही घेता का?"

"नाई जी."

"डॉक्टर, मले शंका..." मी सुरू केलं.

"मॅडम, शंकेवर मी काय करू? पेशंट शुद्धीत आहे, नाही म्हणतोय."

स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं. सर्जन हात धुवायला वळले आणि सुमनबाई उठल्या. असं उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पिशवी खाली पडली, आतला डबा तेवढा त्यांच्या हातात राहिला. सरळ जाऊन तो सर्जनच्या हातात ठेवला.

"हे काय आहे?"

सुमनबाईंनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग फक्त एवढंच म्हणाल्या, "मी काईच नाई सांगतलं साहेब. तुमीच वाचा."

सर्जनने डबा फिरवला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "रोज किती?" सुमनबाईंनी बोटं दाखवली. डब्यावर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट!

मग जो आवाज लागला बाप्पा! "माशाचं तेल! हळदीचा अर्क! लसणाचा अर्क! गिंकोच्या पानांचा अर्क!" एकेक नाव ते असं ओरडून वाचत होते की वॉर्डातले पेशंट उठून बसले, खालच्या पॅथॉलॉजीतला माणूस जिन्यात आला. "इथंच छापलंय, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा! ऑपरेशनच्या आधी बंद करा! आणि मला कोणी सांगत नाही! मी आत सुरी लावली असती तर? बाहेर आणा त्यांना!"

सलीमभाई भिंतीला टेकून खालीच बसले. डबा आणि 'निरोगी शंभरी' छापलेली ती पिशवी मी ताब्यात घेतली. अन्न-औषध खात्यातल्या साहेबांना दाखवायला आता हातात काहीतरी होतं.

ऑपरेशन पुढे ढकललं. नामदेवभाऊंना परत वॉर्डात आणलं. गाऊनमध्ये ते एवढेसे दिसत होते. सुमनबाईंनी चादर अंगावर ओढली, पाणी पाजलं. मग नामदेवभाऊंनी त्यांना जवळ वाकायची खूण केली.

"डबा देल्ला का तू?"

"देल्ला."

"तू नाव घेतलं?"

"नाई. त्यायनंच वाचलं."

नामदेवभाऊंनी डोळे मिटले, परत उघडले.

"मोठ्यानं तं नाई नं वाचलं?"

मी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाई छताकडे पाहायला लागले. सुमनबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात वाचलं."