मारुतीच्या कमरेला पाणी

सगळे जिथे गेले तिथे आपण नव्हतो, एवढ्या विचाराने तुमची छाती कधी धडधडली आहे का? ओल्या गाळाचा वास आला की मला गोदाघाटावरची ती दुपार आठवते. धरणातून पाणी सोडलं होतं. पूर किती चढला ते आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून ठरवतो. त्या दिवशी पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं होतं. वरच्या पायऱ्यांवर मी, माझी मैत्रीण आणि तिची थोरली बहीण उभ्या होतो. मैत्रिणीच्या फोनवर वर्गातल्या मुलींचे पुरातल्या मारुतीसोबत काढलेले फोटो येत होते. "सगळ्यांनी टाकले, मीच राहिले!" ती कळवळली. बहीण शेंगा सोलत म्हणाली, "राहू दे की. मारुती काय पळून चाललाय?" दोघी एकाच आईच्या, पण धाकटीला बुडण्यापेक्षा मागे राहण्याचीच धास्ती जास्त. पाण्याकडे पाठ करून, फोन उंचावून ती एकेक पायरी उतरत गेली आणि शेवाळावरून तिचा पाय पाण्यात सरकला. मी तिच्या मागोमाग उतरलेच होते, तिचा दंड पकडला. प्रवाहाची ओढ माझ्या खांद्यापर्यंत जाणवली. बहिणीने शेंगा टाकून धाव घेतली आणि आम्ही दोघींनी तिला वर खेचलं. फोन मात्र गेला. ओले केस पिळत ती म्हणाली, "आता त्यांचे फोटो कसे बघू?" पुरापेक्षा मला त्या प्रश्नाची भीती वाटली, आजही वाटते. अशा स्वभावाला हसू नका. यंदा घाटावर शेजारची कुणी फोन उंचावून पायरी उतरू लागली, तर आधी तिचा दंड धरा. समजावणं नंतर होईल.